आप्पांचा पलंग पडवीत नेताना

४ मे
आजपासून नवा माणूस. काल आमच्या पतपेढीने सगळ्या स्टाफला हॉटेलात बसवून ‘सर्जनशील विचार’ या विषयावर दिवसभराचं ट्रेनिंग दिलं. पुण्याहून सर आले होते. पहिलं सेशन हुकलं, कारण पोहे गरम होते आणि रांग मोठी. पण मुख्य भाग मिळाला. वेडी वाटणारी कल्पना आधी लिहा. प्रश्न उलटा करून बघा. पाच वेळा ‘का’ विचारा. नऊ ठिपक्यांचं कोडंही होतं. ते मी सोडवलं नाही, पण ज्याने सोडवलं त्याच्या अगदी शेजारी बसलो होतो.

संकल्प: घरातला एक तरी प्रश्न सर्जनशीलपणे सोडवायचा. मनिषा म्हणाली, टाकीचा नळ महिनाभर गळतोय. बायकोला समजावलं की तो प्रश्न नाही, तो प्लंबर.

५ मे
प्रश्न सापडला!

गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून माझ्या बापाची दुनिया म्हणजे वॉकर धरून माजघर ते मागीलदार आणि परत. आज पेज खाताना आप्पा म्हणाले, आत लय घामटा होतो रे, पाऊस लागायच्या आदी चार दीस मना पडवीत बसा-पडायला दे.

ब्याऐंशी वर्षांच्या आप्पांनी आजवर माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. ऑफिसला उशीर झाला होता, म्हणून तसाच निघालो.

संध्याकाळी नीट मांडणी केली. आप्पा पडवीत झोपणार, म्हणजे त्यांचा पलंग पडवीत हवा. पलंग माजघरात आहे. घरच्याच फणसाचा, आनंदा सुताराच्या बापाने माजघरातच बसून केलेला. खिळा नाही, स्क्रू नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. जन्मल्यापासून बाहेर आलेला नाही. आडवा केला तर उशाची फळी अडते, उभा केला तर आढ्याला लागतो, सरळ ढकलला तर दाराची चौकट दोन बोटं अरुंद. थोडक्यात, अशक्य. सर म्हणाले होते, अशक्य हा आळशी माणसाचा शब्द.

डेडलाइन: पाऊस.

६ मे
मनिषा म्हणाली, शेजारी मन्सूरभाईंकडे बाज नुसती पडून आहे, ती आणून पडवीत टाकूया, गादी घालूया, झालं. तिला शांतपणे सांगितलं की पहिली सुचलेली कल्पना ही सवयीची असते, ती टाकून द्यायची असते. तिने माझ्या पुढ्यातला चहा उचलला. म्हणाली, हाही सवयीनेच केला होता.

९ मे
कॅलेंडरच्या मागे माइंड मॅप काढला. मध्ये पलंग, चहूकडे बाण. मग प्रश्न उलटा केला आणि अंगावर काटा आला. पलंग पडवीत न्यायचा नाही. पडवी माजघरात आणायची!

टेबलफॅन दाराकडून लावला. तगरीच्या दोन कुंड्या आणि पडवीतली चपलांची फळी आत आणली. आप्पांनी डोळे किलकिले करून विचारलं, कोन येनार हाय काय? कोणी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. कुंड्यांमुळे मुंग्या झाल्या. मनिषाने सगळं परत ठेवलं. सपोर्ट सिस्टिम नाही, ही माझी खरी अडचण.

१३ मे
आप्पांवर पाच ‘का’ची पद्धत वापरली.

पडवी का? आत घामटा होतो. मग पंखा आहे ना, पडवीच का? तिथून पाखाडीची वाट दिसते. पाखाडी का? कोण येतंजातं ते दिसतं. तेच का? यावर म्हणाले, वाटेवरचा मानूस हाक मारतो, वाईच बोलतो. आत पडलेला मानूस हाय का नाय, कुनाला कळतं? पाचव्या ‘का’ला त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

निष्कर्ष: पलंगाचं उसं पाखाडीच्या दिशेला हवं. महत्त्वाचा मुद्दा, नकाशात घेतला.

१७ मे
ऑफिसातल्या दर्शनाने हुकलेल्या सेशनच्या स्लाइड्स पाठवल्या. पहिलीच स्लाइड: ज्याचा प्रश्न आहे त्याला काय हवंय, ते आधी त्याच्याकडून ऐका. अगदीच बेसिक. पोह्यांचा निर्णय योग्य होता.

१८ मे
ब्रेकथ्रू. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा पलंग आणि काडेपेटीची चौकट केली. पलंग सरळ ढकलला, किंचित दाबला, आरपार गेला! मनिषा म्हणाली, पुठ्ठा वाकतो. प्रत्येक शोधाच्या वेळी असं बोलणारं कोणीतरी असतंच.

तेवढ्यात मन्सूरभाई बाज खांद्यावर टाकून हजर. मनिषाने परस्पर सांगितलं असणार. म्हणाले, दीपेशभाऊ, तुमचा पलंग निघेल तवा निघेल, तवर म्हातारा वारा तर खाईल. मी नम्रपणे बाज परत पाठवली. तात्पुरता उपाय मिळाला की माणूस कायमचा उपाय शोधत नाही. हे वाक्य माझं स्वतःचं आहे.

आप्पा वॉकर धरून दाराशी आले होते, बाज जाताना बघत होते. पाखाडीच्या वळणापर्यंत बघत होते. बिचाऱ्यांना ठाऊक नाही, केवढं सरप्राइज मिळणार आहे.

२० मे
मनिषा आप्पांना धरून उंबरठा ओलांडवायला निघाली होती. पडवीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवणार म्हणे. वेळेवर पोचलो. खुब्याची रिस्क. शिवाय इतके दिवस थांबलोय, तर आता अर्ध्यावर खुर्चीची सवय कशाला? आप्पा म्हणाले, ऱ्हाऊ दे गो, त्याचं होऊ दे. माझ्यावर एवढा विश्वास!

२९ मे
काम पुढे सरकलेलं नाही. कारणं: एक, ऑडिट. दोन, मुंबईचे पाहुणे आंबे खायला आले, आंबे संपल्यावर गेले. तीन, आनंदा सुतार रोज उद्या येतो. निराश नाही. सर म्हणाले होते, कल्पनेला मुरू द्यावं लागतं. आमच्या घरात एवढं लोणचंही मुरलेलं नाही, असं मनिषा म्हणाली.

१ जून
आनंदाशिवायच सुरुवात. कानस घेऊन चौकट दोन्ही बाजूंनी घासली. उजव्या तळव्याला फोड. चौकट बोटभर रुंद झाली. उरलेल्या बोटासाठी खोबरेल.

आप्पा विचारत होते, आभाळ कसं हाय. मोकळं आहे म्हटलं. तसं ते नव्हतं.

७ जून
ऐतिहासिक दिवस. मन्सूरभाई आणि त्यांचे दोन धिप्पाड भाचे मदतीला. आप्पांना माजघरातच वेताच्या मोढ्यावर बसवलं, म्हणजे सगळं डोळ्यांनी बघता येईल. चौकटीला अख्खी बाटली खोबरेल चोपडलं. एक, दोन, तीन म्हणून ढकललं. पुढचे दोन पाय उंबरठा ओलांडून पडवीत उतरले! मी टाळ्या वाजवल्या.

मग अडकला. पुढे जाईना. मागे ओढला, मागेही येईना. भाच्यांनी खांदे लावले, तेव्हा भिंत कुरकुरली, म्हणून थांबवलं.

सद्यस्थिती: दोन पाय पडवीत, दोन माजघरात. म्हणजे पन्नास टक्के यश. आप्पांनी पलंगापलीकडून विचारलं, आता मी भायेर कुटनं जाव?

या दृष्टीने विचार झाला नव्हता.

८ जून
पाऊस.

९ जून
पाऊस. दार लागत नाही. लागणार कसं, मध्ये पलंग आहे. मनिषाने जुनी साडी अडकवली. ती भिजून पलंगाला चिकटली आहे. येणंजाणं सगळं मागीलदारी.

११ जून
आनंदा सुताराचा उद्या आज उगवला. आधी खूप हसला, मग पलंगावर बसून चहा प्याला. लाकूड फुगलं, चौकट फुगली, आता दिवाळीपर्यंत देव आला तरी हलायचा नाय, असं त्याचं मत. पाय कापूया का म्हणून विचारलं. आतून आप्पांचा आवाज आला, माज्या बापाशीनं लावलेला फणस, करवत लावायची नाय. गेल्या वर्षभरात आप्पा एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते.

१४ जून
एक प्रयोग: पलंग निम्मा पडवीतच आहे, मग आप्पांनी त्यावरच पाखाडीकडे उसं करून झोपायला काय हरकत? झोपवलं. झड आली. गोधडी ओली. आता खोकला लागलाय.

मनिषा माझ्याशी बोलत नाही. तिने मन्सूरभाईंची बाज आणली आणि स्वयंपाकघरात टाकली, कोरडी जागा तेवढीच उरली आहे. आप्पांना तिथून गॅसचा सिलिंडर दिसतो. मी सिलिंडर थोडा सरकवला. आता भिंत दिसते.

१६ जून
अडकलेला पलंग बघायला अख्खी वाडी येऊन जाते. पडवी सतत भरलेली. लोक फोटो काढतात, मला सल्ले देतात, माझी खुशाली विचारतात. आप्पांना स्वयंपाकघरात नुसता गलका ऐकू जातो. दोनदा विचारलं, कोन इलाय? मी म्हटलं, कोणी नाही, पलंगासाठी आलेत.

मन्सूरभाईंची कोंबडी पलंगाखाली खुडूक बसली आहे. या घरात पलंगाचा उपयोग झालेली ती पहिली.

२० जून
चिपळूणहून माझी थोरली बहीण बकुळाताई आली. मागीलदारातून. साडीत अडकलेला पलंग बघितला, खोकणारे आप्पा बघितले, आणि माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाली, दीपेश, तुला मी काय सांगू? मी माइंड मॅप आणला होता, तो दाखवायचा राहिला. थोड्या दिवसांसाठी नेते म्हणून आप्पांना गाडीत बसवलं. थोड्या म्हणजे किती, ते कोणी बोललं नाही.

गाडीची काच खाली करून आप्पांनी माझा हात धरला. फोडाच्या जागी अंगठा फिरवला. म्हणाले, लय मेहनत घेतलीस हो. मग गाडी गेली.

२३ जून
ताईने फोटो पाठवला. दुसऱ्या मजल्याची बाल्कनी, खाली बाजारपेठेचा रस्ता. आप्पा रेलिंगवर हात ठेवून खालच्या कुणाला तरी हाक मारतायत. तोंडभर हसू. बसलेत प्लास्टिकच्या खुर्चीत.

तशा चार आपल्या पडवीत आहेत.

संध्याकाळी बराच वेळ काही सुचलं नाही. आप्पांची गोधडी वाळली होती. ती घेऊन पलंगावर जाऊन पडलो, उसं पाखाडीकडे. पाऊस थांबला होता. वारा खरंच छान येतो. गोधडी डोक्यावरून घेतली.

पाखाडीवरून कोणीतरी जात होतं. थांबलं. हाक आली, आप्पा, लय दिसांनी भायेर? बरं हाय ना?

गोधडीतूनच म्हटलं, बरं हाय.