सुटलेलं आमंत्रण, अडकलेला नकार

उधना, सुरत
दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. योगेंद्रदादा,

लखनचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. पेन टेबलाखाली गेलं होतं, म्हटलं त्यातच तुझाही नमस्कार उरकून घ्यावा.) इकडे सगळे खुशाल. तुझ्या आईचा, म्हणजे माझ्या मोठीमायचा, गुडघा पायऱ्या उतरताना तेवढा बोलतो, चढताना गप्प असतो. तुझं पोट कसं आहे? हैदराबादेत तिखट फार खातात म्हणे. मी तिकडे यायला एकदा निघालोही होतो, पण वाटेत सोलापूरला चादरी बघायला उतरलो आणि थंडी संपेपर्यंत तिथेच राहिलो. असो. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, मेसेज केला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. मोठीमाय म्हणाली कागदावर लिही, कागद तो फेकत नाही. म्हणून हे कुरियर.

तू जी नोकरी सोडून गेलास तीच आता माझ्याकडे आहे, हे तुला कळलं असेलच. पर्वत पाटियाची धनसुखशेठची साड्यांची पेढी. एम्ब्रॉयडरीचं मशीन, हजीऱ्याची क्रेन, गोव्याचं हॉटेल (तिथे मला पोहता येतं असं मी सांगितलं होतं) असं सगळं करून इथे टेकलो. दिवाळीपर्यंत टिकेन असं मोठीमायला वचन दिलंय, आणि दादा, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदाच एखादी नोकरी मला आवडली आहे. जिन्याखाली तू मांडलेला तो मेल सर्व्हर अजून तिथेच आहे. धूळ बसू नये म्हणून त्याला शेठने एक डागी साडी नेसवली आहे. माझं काम त्याची रांग बघायचं. कुठली मेल गेली, कुठली अडकली, कुठली परत आली. आपल्या उधन्याच्या नळासारखंच सगळं. समोरच्याची पेटी भरलेली असली की मेल बाजूला थांबते, थोड्या वेळाने पुन्हा नंबर लावते, पुन्हा हाकलली जाते, काही दिवसांनी तोंड पाडून घरी येते. नळावर मोठीमायचा कान तुटलेला हंडा असाच थांबायचा, आठवतं? आणि मागून मागांची खटखट. त्या खटखटीत आपण गाढ झोपायचो आणि सुट्टीच्या दिवशी माग बंद पडले की आवाज गेला म्हणून जागे व्हायचो.

तर गेल्या आठवड्यात दिवाळीच्या भावपत्रकाच्या मेल अडकल्या. शेठ ओरडले, रांग मोकळी कर. मी बघितलं तर एका कोपऱ्यात मेलचा आख्खा गठ्ठा 'होल्ड'वर बसलेला. मला वाटलं, हेच ते आडवे पडलेले म्हैसोबा! सगळे सोडून दिले. (उघडून वाचायला हवं होतं हे मला आता सगळेच सांगतात. चहावाल्यानेही सांगितलं.) ती तुझी आमंत्रणं होती, दादा. चंदनी पडव्याची. 'शरद पुनमेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, पेढीच्या गच्चीवर, तुपातली गोड घारी आणि तिखट भुसुं खायला सहकुटुंब यावे.' तिथी घातलीस, वार घातला नाहीस, साल घातलं नाहीस. आठ वर्षांपूर्वीचं आमंत्रण, पण वाचणाऱ्याला कालच लिहिल्यासारखं वाटावं. खान्देशातले, विदर्भातले, सगळे जुने व्यापारी फोन करायला लागले: येतो! शेठ माझ्यावर धावून आले, "आ लोकोने कोणे बोलाव्या? बधाने ना पाड, नहीं तो काले आवतो नहीं!" म्हणजे सगळ्यांना नाही म्हणून कळव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

मी लगेच 'कार्यक्रम रद्द आहे, कोणी येऊ नये' अशी मेल सगळ्यांना धाडली. पण आपल्या सर्व्हरने एकाच दिवसात एवढा पाऊस पाडलेला बघून समोरच्या सर्व्हरांनी आपल्याला उपद्रवी ठरवून दारं लावून घेतली होती. आमंत्रण पोचलं, नकार रांगेत अडकला. मग मी एकेकाला फोन करायला बसलो. पहिलाच पारोळ्याच्या हिलालआप्पांना. शेठ शेजारी उभे, फोन स्पीकरवर. मी तोंड उघडायच्या आत आप्पाच सुरू झाले, "शेठना सांग पोरा, मला वाटलं होतं पारोळ्याची माणसं विसरले ते. घारी कांताबेन शेठाणीच्या हातची नसेल, माहीत आहे मला. तरी येतो. त्यांच्या नावाने एक खातो." मी शेठकडे बघितलं. शेठ साड्यांच्या गठ्ठ्याची गाठ सोडत होते, जी बांधलेलीच नव्हती.

नंतर त्यांनीच सांगितलं मला. त्या वर्षी कांताबेन पडव्याच्या आदल्या आठवड्यातच गेल्या, शेठ म्हणाले थांबव, आणि तू आमंत्रणं थांबवलीस. पुसून टाकायला तुझा हात झाला नसावा. मला त्याच्या बऱ्याच आधीच्या एका पडव्याची ती गच्ची लख्ख आठवते. तू मला खांद्यावर बसवून नेलं होतंस, तूप माझ्या कोपरापर्यंत ओघळलं होतं, तुझ्या केसांतही. जाताना कांताबेननी साडीच्या खोक्यात घारी बांधून दिली, "तारी मोठीमाय माटे." ते खोकं मोठीमायकडे अजून आहे, सुयादोरे ठेवते त्यात. काल संध्याकाळी शेठनी मला बोलावलं. वाटलं, हिशेब देतात. म्हणाले, "केटला जण आवे छे?" किती जण येतायत ते ऐकलं आणि घारीची ऑर्डर द्यायला स्वतः गेले.

बाकी ठीक. तुझ्या उत्तराची वाट बघणारा, पण वाट बघून कंटाळला की भटकायला जाणारा,
तुझा
लखन

ता. क. खरी अडचण आता सांगतो. समोरच्या सर्व्हरांची दारं आज ना उद्या उघडतील, आणि माझा तो नकार आपोआप सगळ्यांना जाईल. आधी तो जावा म्हणून धडपडलो, आता जाऊ नये म्हणून मरतोय. रांगेतून मेल काढून कशी टाकायची ते मला येत नाही. आणखी काही भलतंच सुटेल या भीतीने हातही लावत नाही. तोवर मी सर्व्हरची वायर काढून खिशात ठेवली आहे. पेढीची एकही मेल आत-बाहेर होत नाही. शेठ म्हणतात, काय शांत दिवस आहे! हे किती दिवस चालेल? ये आणि काढून दे. फोनवर सांगू नकोस, मी मध्येच दुसरीकडे बघतो, तुला माहीत आहे.

ता. क. २. त्याच रांगेत तुझ्या नावाची माझी एक मेल आहे, रागाच्या भरात लिहिलेली. चुकून पोचली तर वाचू नकोस. गाढव हा शब्द त्यात दोनदा आहे, बाकी प्रेमाचं आहे.

ता. क. ३. यादीत शेवटचं नाव तुझंच होतं. स्वतःलाही आमंत्रण लावलं होतंस तू. सगळ्यांची पोचली, तुझं तेवढं परत आलं, तो जुना पत्ता बंद आहे म्हणून. मोठीमायला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याले सांग, तुनी माय वाट दखी ऱ्हायनी." तेव्हा हेच ते आमंत्रण समज. शरद पुनमेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, गच्चीवर. या वेळी साल घालतो: हेच.