आप्पांनी चाफ्याला लावलेली पेस्ट

अहो,

कुंपणाजवळच्या चाफ्याला हात लावू नका. सृष्टी शेजारी निमसे काकूंकडे आहे, तिला तिथेच राहू द्या आणि तुम्ही थेट चौकातल्या दवाखान्यात या. आप्पांना तिथे ठेवलंय. तोंड लालबुंद झालंय, श्वास लागतोय. ऑफिसात फोन केला तर तुम्ही निघाला होतात.

आप्पा म्हणाले, पानं गळालीत तर द्राक्षासारखंच करू, पेस्ट लावली की फांद्यांवरचे डोळे फुटून पालवी येईल. सकाळच्या एसटीने दिंडोरीला गेले, आपल्या द्राक्षबागेतली, छाटणीनंतर काड्यांना लावतात ती उरलेली पेस्ट आणली आणि हातमोजे न घालता एकेका फांदीला चोपडली.

डॉक्टरांनी विचारलं, नंतर दारू घेतली का? पेस्ट आणि दारू एकत्र झाली की जिवावर बेततं म्हणे. मी चिडूनच म्हटलं, आमचे आप्पा थेंबालाही शिवत नाहीत. आत्ता त्यांचे कपडे न्यायला आले, तर ओट्यावर द्राक्षासवाची बाटली दिसली. पेस्ट लावून दमले म्हणून दुपारी मीच त्यांना त्यातलं अर्धी वाटी दिलं होतं. बाटलीवर बारीक अक्षरात अल्कोहोल लिहिलंय. ती घेऊन डॉक्टरांकडे पळतेय.

अजून एक, नंतर सांगायचा धीर होणार नाही. चाफा थंडीत पानं टाकतोच, हे मला माहीत होतं. बाग सोडून आल्यापासून आप्पांना इथे करमत नव्हतं, म्हणून मीच म्हटलं, झाड मेलं वाटतं, तुम्हाला काही करता येतंय का बघा.

साधना