श्वासाची खूण

६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाच्या नव्या यंत्रातून फक्त स्वतःचं चावणं ऐकू येतं असं तू लिहिलंस, ते टिल्लूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे अक्का जन्मात पहिल्यांदाच कुणाचं तरी पूर्ण ऐकून घेत असेल. पन्नाशी ओलांडली, सहा फूट उंच झाला, पण आपल्या धाकट्याची जीभ आहे तेवढीच आहे. फोनचा तुला उपयोग नाही म्हणून पत्रं लिहावी लागतात, याबद्दल मी तुझ्या कानांचे आभारच मानतो. बोलताना मला एवढं सुचलं नसतं.

परवा दोन वर्षांनी तालमीची खोली उघडली. धुलाईच्या दुकानवाल्याने मागची खोली आपल्यासाठी ठेवली होती, हे नशीबच. कुलूप गंजलेलं, त्यानेच तेल आणून दिलं. आत टिल्लूचा चेलोचा जुना गज पडून होता. उचलला तर त्याचे केस मूठभर खाली आले, किड्यांनी खाल्ले होते. जमिनीवरच्या चार खुर्च्यांच्या खडूच्या खुणा मात्र कालच काढल्यासारख्या. दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्या आपल्या गणिताच्या बाई आत आल्या आणि सवयीने हिच्या खुर्चीला काहीतरी बोलायला वळल्या. साथीत किती घरांत अशा खुर्च्या रिकाम्या झाल्या, हे कळतं. पण आपल्या घरातली वेगळीच असते.

हिचा व्हिओला कोण वाजवणार हा प्रश्न होता. बाईंनी त्यांच्या गल्लीतली शिंपीण आणली. हात चांगला आहे. दोन वर्षं दिवसा मशीनवर मास्क शिवले आणि संध्याकाळी कानात तालाची टिकटिक लावून एकटीने सराव केला. त्यामुळे तिला माणसांबरोबर उठता येत नाही. आपली चौकडी श्वासावर उठते, म्हणजे वाजवायला लागते, हे तुला माहीत आहे. मी नाकाने श्वास घेतो आणि त्याच्या टोकाला चारही गज तारेवर टेकतात. शिंपीण दर वेळी एक पाऊल मागे. तिने विचारलं की मान हलवून खूण दिली तर चालेल का. टिल्लूने असं पाहिलं, जणू तिने त्याच्या ताटातला घास उचलला.

आता मुद्द्याचं, आणि हे तुझ्यापाशीच ठेव. आजारातून उठलो तेव्हा डॉक्टर जे म्हणाले त्यातलं अर्धंच मी टिल्लूला सांगितलं. फुप्फुसं खालून वाळली आहेत, ती परत येणार नाहीत. जरा चाललो की बोटावरचं यंत्र ऑक्सिजन सत्त्याऐंशी दाखवतं. नळी लावून घरी बसा, वाजवणं बंद, असं त्यांचं म्हणणं. घरी बसून हिच्या कपाटाकडे बघू का? अकरा नोव्हेंबरला सभागृह मिळालं आहे. तेवढा एक कार्यक्रम होऊ दे, मग तू सांगशील तिथे नळी लावून बसतो. टिल्लूला कळलं तर तो मला गज हातात धरू देणार नाही. चाळीस वर्षं नर्स होतीस, काही युक्ती असली तर कळव.

लोभ आहेच. या खेपेला त्यात थोडं मौनही घाल.

तुझा,
बापू


१५ फेब्रुवारी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बहीण म्हणून वाचलं आणि रडले. दुसऱ्यांदा नर्स म्हणून वाचलं आणि संतापले. सत्त्याऐंशी घेऊन माझ्या वॉर्डात कुणी ऐटीत उठून बसला असता तर त्याला मी खाटेला बांधलं असतं.

पण तुला मी पाळण्यापासून ओळखते. तुला नाही म्हटलं की तू तेच चोरून करतोस. गोवर अंगभर फुललेला असताना शाळेच्या कार्यक्रमात वाजवून आलास आणि अर्ध्या वर्गाला वाटून आलास. तेव्हा चोरी करायचीच आहे तर नीट कर. तालमीला सगळ्यांच्या अर्धा तास आधी जा, म्हणजे चालून आलेली धाप कुणाला दिसणार नाही. श्वास सोडताना ओठांचा चंबू कर. दोन भागांच्या मधे समोरच्या स्वरांच्या वहीत काहीतरी खोडायचं निमित्त काढ, तेवढीच उसंत मिळते. निघताना सगळ्यांच्या शेवटी नीघ.

आणि दर महिन्याला आकडा कळवायचा. खरा आकडा. ज्या दिवशी ऐंशीवर येशील त्या दिवशी मी टिल्लूला लिहिणार, तुझी परवानगी मागणार नाही. याला वचन म्हण नाहीतर धमकी म्हण.

आशीर्वाद आहेत. त्यांच्या भरवशावर जिने चढू नकोस.

अक्का


२० जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आधी आकडा. चौऱ्याऐंशी. आता बाकीचं पत्र शांतपणे वाच.

तुझ्या युक्त्या लागू पडल्या. मी इतकं खोडतो की माझ्या वहीची पानं विरली आहेत. गणिताच्या बाई म्हणतात की बापू म्हातारपणी फार काटेकोर झाले, आणि हे त्या कौतुकाने म्हणतात. त्या हल्ली प्रत्येक तालीम फोनवर टेप करतात आणि घरी जाऊन कोण किती चुकलं ते मांडून आणतात. शिंपिणीच्या नावापुढे सगळ्यात जास्त रेघा असतात. ती ऐकायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसते. टिल्लू तिला म्हणाला की अगं, हे वाद्य आहे, भिंतीवरचं घड्याळ नव्हे. बिचारी कानापर्यंत लाल झाली, पण बघायचं काही सोडलं नाही.

आपल्या कार्यक्रमातला दुसरा भाग संथ आहे. त्याला मी नुसता श्वास देतो. मग ते तिघं दोन ओळी वाजवतात आणि तिसऱ्या ओळीला मी येतो. तेवढा वेळ मला स्वस्थ बसायला मिळतं. खरं सांगू? सगळ्या दिवसात मला तेवढ्याच दोन ओळी सुखाच्या वाटतात. परवा त्या दोन ओळींत डोळे मिटले आणि ही शेजारी बसून वाजवते आहे असं वाटलं. डोळे उघडले तेव्हा शिंपीण माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला मी हसून दाखवलं.

आणखी एक गंमत. टिल्लू म्हणाला की तुझा श्वास हल्ली पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येतो, आजाराने तुझा एवढा तरी फायदा केला. मी मान डोलावली. हसू आलं.

लोभ इतकी वर्षं पुरवलास, आणखी चार महिने पुरव.

तुझा,
बापू


९ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, सगळे ठीक आहेत. निदान वरून तरी.

बापू फार बारीक झालाय. शर्टाच्या कॉलरमध्ये दोन बोटं जातील. तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन बसतो, शेवटी निघतो, सोबत येतो म्हटलं तर काहीतरी कारण काढतो. परवा शिंपीण मला बाजूला घेऊन म्हणाली की बापूंचे ओठ निळसर दिसतात. मी तिला म्हटलं, तू ओठ बघू नकोस, तुझा सूर बघ. बोलून गेलो, पण तेव्हापासून मनात पाल चुकचुकते आहे.

मला तो काही सांगणार नाही. वहिनीची शेवटची लक्षणंसुद्धा त्याने माझ्यापासून दोन दिवस लपवली होती. तुला मात्र सगळं लिहितो. काही असेल तर स्पष्ट सांग. सभागृह पुन्हा मिळेल. भाऊ एकच आहे.

उत्तर लवकर पाठव, लोभ त्यातच समजेन.

तुझा,
टिल्लू


१६ ऑक्टोबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

बापूचं वय झालं आहे आणि घरात जेवायला वाढणारं कुणी उरलं नाही. बारीक होईल नाहीतर काय. त्याला तुझ्याकडे जेवायला बोलावत जा. थंडीत माझेही ओठ निळे दिसतात. काळजीचं काही असतं तर मी पहिली बोंब मारली असती, हे तुला माहीत आहे.

त्या मुलीवर उगीच ओरडत जाऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच.

अक्का


१८ नोव्हेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

बापू गेल्याचा निरोप शेजारणीने तुला लिहून दिला असेल. प्रवास तुला झेपणार नव्हता, त्यामुळे कुणी बोलावलंही नाही. कसं झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, आणि ते मीच सांगायला हवं.

सभागृह अर्धंच भरलं होतं. लोक अजून एक खुर्ची सोडून बसतात. पहिला भाग उत्तम झाला. मला वाटलं, बसली आपली चौकडी पुन्हा. बापूने वहीत काहीतरी खोडलं, थोडा वेळ घेतला, व्हायोलिन मांडीवर धरलं. मग त्याचा श्वास ऐकू आला. बाई उठल्या, मी उठलो, दोघं बरोबर एका क्षणाला. शिंपीण उठली नाही.

अक्का, मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. इतक्या महिन्यांच्या तालमीनंतर ऐन वेळी चुकली म्हणून मी तिच्याकडे डोळे वटारून बघत वाजवत राहिलो. बापूकडे बघितलंच नाही. त्या दोन ओळी त्याला वाजवायच्या नसतात, त्यामुळे तो गप्प बसलाय यात वावगं काही नव्हतं. शिंपिणीने व्हिओला सरळ जमिनीवर ठेवला आणि ती त्याच्याकडे धावली. तरी मी वाजवतच होतो. बाईसुद्धा. लोकांना वाटलं, हेही कार्यक्रमातलंच आहे. दुसरी ओळ संपता संपता त्याचं व्हायोलिन खाली पडलं, तेव्हा आम्ही थांबलो.

तो खुणेचा श्वास नव्हता. त्याला श्वास मिळत नव्हता. तीस वर्षं ज्या आवाजावर मी उठलो, त्याच आवाजावर माझा भाऊ बुडत होता आणि मी सुरात वाजवत होतो.

दोन दिवस नळ्या लावून ठेवला होता. डॉक्टरांनी मला विचारलं की या अवस्थेत त्यांना वाजवू कसं दिलंत. मी म्हटलं, आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं की घरात कुणालाच नाही का. मी नाही म्हणालो. बरोबर सांगितलं ना मी?

टिल्लू


२७ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तू चूक सांगितलंस. मला माहीत होतं.

फेब्रुवारीपासूनची त्याची सगळी पत्रं सोबत पाठवते आहे. आधी येऊन बसणं, वहीत खोडणं, शेवटी निघणं, हे सगळं मी शिकवलेलं. ऐंशीवर आला की तुला कळवणार असं मी त्याला बजावलं होतं. सगळ्यात खालचं पत्र बघ, तीन ऑक्टोबरचं. त्यात आकडा एकोणऐंशी आहे. त्याने लपवला नाही. बिचाऱ्याने वचन पाळलं. आठवड्याने तुझं पत्र आलं आणि मी तुला थंडीचं कारण लिहिलं.

का, ते स्वतःला रोज विचारते. बायको गेल्यावर त्याच्या पत्रांत महिनोन्महिने चार ओळींपलीकडे काही नसायचं. खोली उघडली आणि तो पुन्हा चेष्टा करायला लागला. ती पत्रं मला हवी होती, टिल्लू. मला काही ऐकू येत नाही, माझ्याकडे तेवढंच होतं. एक महिना, एवढंच राहिलंय, असं म्हणत राहिले. वॉर्डात अशी वागले असते तर माझी नोकरी गेली असती, आणि बरोबरच झालं असतं.

माफी मागत नाही. मागण्यासारखं हे नाही.

अक्का


२२ डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्रं वाचली. पहिल्या दिवशी तुला फार वाईट लिहिलं होतं, ते फाडलं.

बाईंकडे सगळ्या तालमी टेप केलेल्या आहेत, त्या रात्रीचा कार्यक्रमसुद्धा. मी त्या मागून घेतल्या. मला एकच बघायचं होतं. त्या शेवटच्या श्वासात आणि आधीच्या श्वासांत फरक किती होता, म्हणजे मला तो ओळखता आला असता का. जुलैची तालीम ऐकली, ऑगस्टची ऐकली, सप्टेंबरची. मग तो शेवटचा. पुन्हा पहिल्यापासून.

काही फरक नाही, अक्का. जुलैपासून तो प्रत्येक वेळी तसाच धापा टाकत होता. खूण आणि धाप एकच झाली होती, आणि त्यावर आम्ही गज टेकवत होतो. मीच त्याला म्हणालो होतो की आता छान स्पष्ट ऐकू येतं. ते त्याने तुला लिहिलेलं वाचलं तेव्हा मी पत्र घेऊन धुलाईच्या दुकानात मशीनच्या आवाजात जाऊन बसलो. तुझ्या हातात आकडा होता. माझ्या कानात आवाज होता. तुझ्यापेक्षा माझा गुन्हा लहान आहे असं मला आता म्हणता येत नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघं खोलीत बसलो. पहिलं व्हायोलिन नाही, तरी बसलो. बराच वेळ कुणीच सुरुवात करेना. बाई वाट बघत होत्या, मीही. आम्ही दोघं अजून ऐकतच होतो. मग शिंपिणीने मान हलवली. बाई चुकल्या, मी चुकलो, ती एकटी बरोबर उठली. तिची मी माफी मागितली. ती म्हणाली की काका, मला ऐकून कधी कळलंच नाही, म्हणून मी बघत होते. आता आम्ही मानेवर उठायला शिकतो आहोत. माझ्या नावापुढे खूप रेघा आहेत.

लोभ आहे, कमी झालेला नाही. पण अक्का, थोडे दिवस मला पत्र लिहू नकोस. मी लिहीन.

तुझा,
टिल्लू