ऐंशी माणसांचा बांध

भरतदादा,

लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घे. सातवीत शाळा सुटली, मोबाइलवर एकेक अक्षर शोधावं लागतं.

दिवाळीनंतर सुरतला जाताना तू म्हणालास, "झरा अकरा घरांचा होता, आता चाळीस घरं पितात. माणसं वाढतील तसं पाणी संपेल. होळी झाली की सगळ्यांना तिकडेच नेतो." मला ते खरंच वाटलं होतं.

मग ज्वारी कापायला लाहेत, म्हणजे मजुरी न घेता नुसत्या जेवणावर, सगळा पाडा आपल्या शेतात आला. आई भाकरी वाढत होती, तेव्हा मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, अशीच एक लाह झऱ्यासाठी करू, वरच्या नाल्यावर रेतीच्या गोण्यांचा बांध घालू, अडलेलं पाणी मुरून खाली झऱ्याला येईल.

रायसिंगकाका म्हणाले, "ही पोर बोलली म्हणजे आता घालावाच लागेल."

ऐंशी माणसं आली दादा. दोन दिवसांत बांध झाला. अकराच घरं असती तर एवढ्या गोण्या कोणी उचलल्या असत्या?

होळी चार दिवसांवर आली, तरी झरा वाहतोय. आम्हाला न्यायला येऊ नकोस. पण हे आत्ता पाठवत नाही. होळीनंतरही हंडा भरला तर पाठवीन.

अरे, आणि वहिनीला पाचवा महिना लागलाय. तुला सांगायला लाजते ती.

तुझी सुनिता