आईच्या घागरीतलं कोरं पाणी

सोलापूर,
गुरुवार, नळ येऊन गेल्यावर

तीर्थस्वरूप महेश्वरीअक्कास, धाकट्या गुरूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? अक्कलकोटला पाऊसपाणी कसं आहे, दाजींच्या दुकानात गिऱ्हाईक आहे ना? इकडे आई खडखडीत बरी आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. (घरात फोन असताना पत्र कशाला, असं वाटलं असेल. फोन वाजला की आई शेजारी येऊन बसते आणि स्पीकर लावायला सांगते. हे तिच्या कानावर जाऊन चालणार नाही.)

श्रावणाच्या सुरुवातीला आमच्या गल्लीत रस्ता खणताना पाइप फुटला, ते तुला माहीत आहे. चार दिवसांनी एकदा नळ येणार, तोही गढूळ आणि गटाराच्या वासाचा. महापालिकेचे लोक रिक्षावर भोंगा लावून पाणी उकळून प्या म्हणून सांगून गेले आणि तुझ्या भावजयीनं, दानेश्वरीनं, घरात आणीबाणी लावली. पाणी गाळायचं, चांगलं खळखळ उकळायचं, झाकून गार करायचं आणि तोटीच्या पिंपात भरायचं. आत पेला बुडवणाऱ्याची गय नाही. काकडी, कोथिंबीर त्याच पाण्यानं धुवायची, दातही त्यानंच घासायचे. अंघोळीला कच्चं पाणी चालेल, पण तोंड मिटून. मी अंघोळ करताना गातो हे तुला ठाऊकच आहे. ते तेव्हापासून बंद आहे, आणि शेजारचे तिप्पण्णाकाका त्या फुटक्या पाइपाला अजून दुवा देतात.

एवढं करूनही आईचं पोट बिघडलं. बरं वाटायचं, पुन्हा बिघडायचं. मी आधी शेंगाचटणीवर आळ घेतला, मग मिरचीच्या भज्यांवर, मग तू पाठवलेल्या खव्यावर (राग मानू नकोस, खवा निर्दोष होता). शेवटी मात्र तिला उठवेना. डोळे खोल गेले, साखरमिठाचं पाणी पोटात ठरेना, दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. या वयात पुन्हा असं झालं तर शरीराला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अक्का, मी जिन्यात बसून रडलो. (दानेश्वरीला म्हटलं, डोळ्यांत साबण गेला. दवाखान्याच्या जिन्यात साबण कुठून आला हे तिनं विचारलं नाही. बायको चांगली आहे.)

तेव्हा तू फोनवर एकच गोष्ट विचारलीस, आई सकाळी उठून सगळ्यांत आधी तोंडात काय घेते? आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही घरातला थेंबन्‌थेंब उकळला होता, पण तीर्थ घेणं म्हणजेही पाणी पिणंच, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेसाठी आईची तांब्याची घागर वेगळी, आणि लिंगावर घातलेलं तेच पाणी रोज सकाळी तीर्थ म्हणून घ्यायचं. नळ आला की पहिल्या धारेनं ती भरायची, तिला कुणी हात लावायचा नाही. आणि पहिल्या धारेलाच सगळी घाण येते. गॅसवर चढलेलं पाणी तिच्या लेखी शिळं, ते देवाला कसं घालायचं? आम्ही दोघं तीर्थ नुसतं जिभेला लावतो. आई ओंजळभर घेते.

मी समजावलं, डॉक्टरांनीही समजावलं. “देवाला काय हगवण लागती व्हय?” असं तिनं उलट त्यांनाच विचारलं. मग श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी तू तिला फोनवर सांगितलंस की तिकडच्या मठातल्या अज्जांना, म्हणजे स्वामींनाच विचारलं, उकळून गार केलेलं पाणी लिंगाला चालतं म्हणाले. आई घागरीकडे बघून म्हणाली, “अज्जा म्हणत्यात तर चालंल की.” तेव्हापासून घागरीतही उकळलेलंच पाणी असतं आणि आईचं पोट ठणठणीत आहे. अज्जांना तू विचारलंच नव्हतंस, हे तू मला नंतर सांगितलंस. माझी तर असं बोलायची छाती झाली नसती. अक्का, आज आई ओट्याशी उभी राहून दानेश्वरीच्या भाकरीला नावं ठेवते आहे, ते तुझ्यामुळं. हे उपकार मी विसरणार नाही.

तुझा, उकळून गार झालेला भाऊ,
गुरू

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. अज्जांचे आभार मानायला आई सोमवारच्या पहिल्या एसटीनं तुझ्याकडे येते आहे. फळं घेतली, शाल घेतली. तरी रविवारपर्यंत कसंही करून अज्जांना गाठ आणि तुझं ते वाक्य त्यांच्याकडून वदवून घे. ते नाही म्हणाले तर घागर पुन्हा नळाखाली जाईल आणि आई पुन्हा दवाखान्यात.

दुसरा ता. क. घरात डिंक सापडत नाही. पाकीट टेबलावर ठेवून कोपऱ्यावरून घेऊन येतो.

महेशी, मी आई लिहिते. गुरू डिंक आणायला गेलाय. अज्जांनी सबंद श्रावण मौन धरलं हुतं, मग ते तुझ्याशी कुटल्या तोंडानं बोलले? तू मठात गेलीच न्हाईस हे मला तवाच कळलं. पण माझ्या जिवासाटी लेक देवाधर्माच्या नावानं खोटं बोलली, म्हणून मी गप बसले. पाणी उकळूनच घेते, काळजी करू नगं. अज्जांना तरास देऊ नगं. शाल तुलाच घेतलीया.