देवघरामागचा हायड्रोजन

प्रिय अक्का,

तुझ्याकडचा नवरात्रातल्या बाहुल्यांचा कोलू मांडून झाला असेल. त्याच्या पायऱ्या यंदाही भावोजींनीच रचल्या ना? इथे घट बसले, सासूबाईंनी देवीपुढचा टांगता दिवा लावला आणि त्याच सकाळी ह्यांनी भिंतीपलीकडच्या खोलीत आपलं यंत्र सुरू केलं. यंत्र कसलं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवलेले दोन पत्रे आणि लॉरीच्या बॅटऱ्या. वीज सोडली की पाण्यातून हायड्रोजन निघतो. परदेशात त्यासाठी प्लॅटिनम वापरतात म्हणे. ह्यांनी साध्या पोलादावर निकेल आणि मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचा लेप चढवलाय, आपण भांड्यांना कल्हई लावतो तसा.

दसऱ्यानंतर मद्रासच्या एका कंपनीचा माणूस बघायला येणार आहे. सरकारचं नवं उद्योगधोरण आल्यापासून अशी माणसं कॉलेजांतून हिंडतात. नऊ दिवस लेप टिकला, तर ह्यांच्या इतक्या वर्षांच्या खटपटीचं सोनं होईल. पण मध्येच वीज तोडली की लेप सुटतो, म्हणून यंत्र थांबवायचं नाही. कॉलेजची प्रयोगशाळा सुट्टीत बंद, म्हणून ते घरात. आणि सासूबाईंचा नवरात्रातला दिवा विझवायचा नाही, जागचा हलवायचाही नाही. खाण तशी माती! दिवा आणि यंत्राच्या मधली भिंत छतापर्यंत पोचत नाही, हे मी दोघा मायलेकांना सांगून पाहिलं.

ह्या वायूला वास नाही गं. स्वयंपाकाचा गॅस सुटला तर कळतं तरी. हा गुपचूप वर जाऊन साठतो. ह्यांनी रबरी नळी खिडकीबाहेर सोडलीय, ती काल दुपारी निसटली. आपली वासुकी आजीजवळ प्रसादाच्या उकडलेल्या चण्यांचं सुंडल खात बसली होती. दिव्याच्या वर फट्‌ झालं, ज्योत हातभर उडाली आणि पोरीच्या केसांचा जळका वास आला. टोकंच जळली, देवीची कृपा. सासूबाई म्हणाल्या, देवी प्रसन्न झाली. हे धावत आले ते खूश होऊन, वायू किती छान निघतोय म्हणत. लेकीच्या केसांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. वाईट माणसं असती तर मी भांडले असते. दोघंही माझीच आहेत, म्हणून जास्त भीती वाटते. जेवतानाही छताकडे बघत बसते.

हे पत्र वासुकीच्याच हाती देतेय. शेजारच्या कृष्णवेणीबाई तिला पापनाशमच्या बसने तुझ्याकडे आणून सोडतील. कोलू बघायला चाललीय असं तिला वाटतंय. आपली मराठी अक्षरं तिला वाचता येत नाहीत. एरवी त्यावरून मी तिला रागावते, आज बरं वाटलं. कितीही हट्ट केला तरी दसऱ्याआधी तिला पाठवू नकोस. मी का आले नाही म्हणशील, तर त्या नळीकडे लक्ष कोण ठेवणार? तिच्याबरोबरच्या पेटीत तिचा शाळेचा गणवेश आहे आणि तळाशी माझ्या सोन्याच्या बांगड्या. दसऱ्याला मी तिला न्यायला आले, तर त्या मला परत दे. नाही आले, तर तिला तिथल्याच शाळेत घाल.

तुझीच,
जया