अर्ध्या तोंडाचा मेकअप

धाड, मंगळवार

आदरणीय चांगुणाताईस,

धाकट्या सुवर्णाचा सप्रेम जय भीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो, की मिरच्या वाळत घालायला अजून भाऊजींनाच गच्चीवर पाठवतेस, ते कळव. आम्ही इकडे ठीक. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मी तुला काय बोलले ते तुझ्या शेजारच्या तानुबाई दुसऱ्या दिवशी मलाच सांगतात. म्हणून पत्र. (अंगणवाडीची रजिस्टरं लिहून हाताला वळण लागलंय, भाषा मधेच सरकारी झाली तर समजून घे.)

माझी समता, तुझी भाची, पार्लर उघडणार, हे तुला ठाऊक आहेच. बुलढाण्याला कोर्स झाला, इथे बसस्टँडजवळ गाळाही पाहून ठेवला, सामान मात्र पुण्याहूनच आणायचं असा तिचा हट्ट. मी तिला मदत करायला सोबत जाते असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी तिचं मन वळवायला निघाले होते. बी.एस्सी. झालेली पोरगी लोकांची तोंडं रंगवत बसणार, हे मला पटत नव्हतं. सरकारी परीक्षांचा विषय कसा काढावा याची एसटीत मी मनातल्या मनात तयारी केली, आणि ती सिल्लोडच्या आधीच माझ्या खांद्यावर झोपली. झोपलेल्या माणसाला काय समजावणार?

उतरलो तुझ्या धम्मरत्नाकडे. (पोरगं वेळेवर खातं-पितं, काळजी करू नको. पडदे मात्र धुवायला झालेत.) दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्या एका तीन मजली दुकानात गेलो. ताई, तिथे नुसते ब्रशच चाळीस तऱ्हेचे. नाकासाठी वेगळा, पापणीसाठी वेगळा, आणि पापणीवरच्या घडीसाठी आणखी वेगळा. आपल्या पापणीला घडी असते, हे मला पन्नास वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पापणीचे केस वळवायचा एक चिमटा होता, तो पाहून मला माझी दाढ काढणारा डॉक्टर आठवला. अंड्याएवढा गुलाबी स्पंज तर मी मिठाई समजून हुंगला. त्यावर समतानं मला एका उंच स्टुलावर बसवलं आणि आता कशालाही हात लावू नको म्हणून सांगितलं.

बसलेलं गिऱ्हाईक दिसलं की विकणाऱ्याला राहवत नाही. एक मुलगी आली, फार गोड आवाजाची. काकू, तुमची स्किन डल झालीये, असं म्हणत तिनं माझ्या तोंडावर नमुना दाखवायला सुरुवातही केली. समोर डब्यांची ओळ, फिक्या रंगापासून पुढे. दुधावरची साय, मग बदाम, मग मध, आणि आपल्या रंगापर्यंत येता येता ओळच संपली. त्यापुढचं आम्ही ठेवत नाही, खपत नाही, नवऱ्या सगळ्या दोन शेड उजळच मागतात, असं तिनं समजावलं. समजावता समजावता माझा उजवा गाल, अर्धं कपाळ आणि अर्धं नाक सायीच्या रंगाचं करून टाकलं.

मला वाटलं, समता आता खूश होऊन डबी घेईल. तिनं हातातले ब्रश काउंटरवर ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "हे नको. नवरी तिच्या मायले ओयखू आली पायजे."

(पुण्यात आपल्या बोलीला हसतात. ती मुलगी हसली नाही.) ब्रशांचं बिल करून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली, आणि माझं अर्धं तोंड अर्धंच राहिलं.

तशीच मी आणखी चार दुकानं हिंडले. रिक्षावाल्यानं आरशात माझी एक बाजू पाहिली, सिग्नलला मागे वळून दुसरी पाहिली आणि मग फडक्यानं आरसाच पुसून घेतला. शेवटच्या दुकानात एका म्हाताऱ्या बाईंनी सगळ्यात खालच्या खणातून आपल्या रंगाच्या डब्या काढून दिल्या. समतानं मनगटावर एकेक लावून पाहिली आणि होत्या तेवढ्या सगळ्या उचलल्या.

घरी आलो. दार उघडून धम्मरत्न म्हणाला, "मावशी, कोन्या बाजूनं बोलू?" मी हसत हसत तोंड धुवायला गेले, आरशासमोर उभी राहिले, आणि हसू तिथेच थांबलं. उजवीकडे कोणी परकी बाई होती. डावीकडे तू होतीस. हुबेहूब तू.

तुला पाहायला पहिले पाहुणे आले तो दिवस आठवला. मी तेरा वर्षांची. आई नको म्हणत असताना तुझ्या तोंडाला अर्धा डबा पावडर मी लावली. आणि पाहुण्यांतल्या एका बाईनं पदराचं टोक पाण्यात भिजवून सगळ्यांसमोर तुझा गाल घासून पाहिला. तू मान हलवली नाहीस. फक्त एकदा माझ्याकडे पाहिलंस. पुढे भाऊजी आले तेव्हा तू शेतातून आलीस तशीच चहा घेऊन गेलीस, आणि सगळं चांगलं झालं. पण त्यानं माझी पावडर माफ होत नाही. मी ती तुला नटवायला लावली नव्हती ताई, लपवायला लावली होती. हे कळायला मला पन्नाशी उजाडली. समताला चोविसाव्या वर्षी कळलंय. येताना ती एसटीत जागी होती, पण मी परीक्षेचा विषय काढला नाही.

भाऊजींना जय भीम. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
सुवर्णा

ता.क. पार्लरचा बोर्ड करायचाय. फ्लेक्सवाल्याकडे नवरीचा तयार फोटो आहे, कुठल्याशा गोऱ्यापान मुलीचा. समताला तो नको. तिला तुझा हवाय. येत्या रविवारी ये, ती तुला तयार करेल. आठवडी बाजाराला येणारा सगळा मुलूख तुला पाहील, एवढं आधीच सांगून ठेवते.

आणखी एक. समता म्हणते, मावशी नाही म्हणेल, तिला आग्रह करू नको. म्हणून करत नाही. तुला काही लावून घ्यायचं नसेल तर नुसतं तोंड धुऊन ये, आम्ही तोच फोटो लावू. पार्लरच्या बोर्डावर बिनमेकअपची बाई, धंद्याचं काय व्हायचं ते होईल.